ठेवायची पेटी, फेकायची पेटी

सोमवार, ३ फेब्रुवारी

घरात पाय टाकल्यावर माणसाने "आजी, आले" एवढं तरी बोलावं की नाही? नाही! चप्पल एक इकडे, एक तिकडे. पिशवी खाटेवर फेकली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी. मी काय कॅलेंडर आहे? कॅलेंडरकडे तरी ही दिवसातून दोनदा बघते.

जेवणार का विचारलं. "भूक नाही." बोंबलाची चटणी होती, तरी भूक नाही! म्हणजे ऑफिसात काहीतरी वाजलंय. राकेशला फोन लावावा तर तो नाशिकहून माझ्यावरच ओरडणार — आई, पोरगी तुझ्याकडे ठेवली ती काय उपाशी ठेवायला? कल्पिता मुलगी त्याची, ठाण्याला नोकरी तिची, आणि ओरडा शहाडला बसून मी खायचा.

ही वही पण तिनेच दिलेली. ऑफिसात जास्तीची आलेली. बोलली, आजी, तुझं तोंड चालतं तेवढा हात चालव. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचा हात तो! पण चालतोय.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज बोलली. मी काही विचारलं नाही. नुसती लसूण सोलायला बसवली. लसूण सोलताना माणूस गप्प राहू शकत नाही.

हिचं काम म्हणजे परदेशातून माल आला की त्याच्या कागदावर नंबर टाकायचा. जगातल्या प्रत्येक वस्तूला नंबर आहे म्हणे. कांद्याला वेगळा, कात्रीला वेगळा. नंबर बघून सरकार जकात लावतं. नंबर चुकला तर माल बंदरात अडकतो, आणि मुद्दाम चुकवला असं ठरलं तर नंबर टाकणारा अडकतो.

डोंबिवलीचे कोणी नयन शेठ आहेत. नकली दागिन्यांचे व्यापारी. त्यांनी लग्नसराईसाठी चीनहून रिकाम्या पेट्या मागवल्या. एक लहान, कानातल्यांची. एक मोठी, हाराच्या सेटची. पुठ्ठ्याच्या. कल्पिताने दोन्हीला एकच नंबर टाकला — अठ्ठेचाळीस एकोणीस. म्हणजे पुठ्ठ्याचं पॅकिंग. न्हावाशेवा बंदरातले कस्टमचे साहेब बोलले, हे पॅकिंग नाही बाई, ही दागिन्यांची पेटी आहे. हिचा नंबर बेचाळीस शून्य दोन.

"मग फरक काय दोघांत?"

"आजी, पॅकिंग म्हणजे वस्तू काढली की फेकायचं. दागिन्याची पेटी म्हणजे ठेवायची. वर्षानुवर्षं वापरायची."

मला हसूच आलं. "फेकतं कोण? माझी मोहरी श्रीखंडाच्या डब्यात, सुया बिस्किटाच्या डब्यात. तुझ्या आजोबांची कागदपत्रं बुटांच्या खोक्यात."

"तू कस्टमला लागलीस ना, तर सगळा देश बेचाळीस शून्य दोनमध्ये जाईल!"

हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. मग तोंड पुन्हा एवढंसं झालं. तिचे मालक संदेश सर बोललेत — नंबर तू टाकलास, उत्तर पण तूच शोध. सतरा तारखेपर्यंत लेखी द्यायचंय. मुद्दाम खोटा नंबर टाकला असं ठरलं तर नोकरी गेली. आणि कस्टमच्या कामाच्या लायसनच्या परीक्षेसाठी वर्षभर अभ्यास करतेय, तो पण गेला. असल्या डागावर परीक्षेला कोण बसवणार?

लसूण जेवढी हवी होती त्याच्या दुप्पट सोलून झाली.

बुधवार, ५ फेब्रुवारी

खिचडी केली. सहा घास खाल्ले. मोजले मी. काय करणार!

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज मी जे केलं ते लिहायला हात जड झालाय.

पिशवीत त्या दोन पेट्या होत्या. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या. झाकणावर पांढरी चिठ्ठी, त्यावर सह्या. मला वाटलं दुकानाचं लेबल असेल. कल्पिता आंघोळीला गेलेली तेव्हाच लहान पेटी बाहेर काढून ठेवली. तिला कळलं नाही. ती गेली कामाला.

आता ज्या बाईने सव्वीस वर्षं डोंबिवलीच्या कारखान्यात पेट्या चिकटवल्या तिच्यासमोर परकी पेटी ठेवली तर ती काय करणार? आमचे मालक परशुराम शेठ मुंबईच्या बाजारातून दुसऱ्यांच्या पेट्या घेऊन यायचे आणि आमच्या टेबलावर टाकायचे. "जया, सोल!" सोलायची म्हणजे ओल्या फडक्याने वरचा कागद भिजवायचा, नखाने उचलायचा आणि अख्खा काढायचा. आत पुठ्ठा किती जाड, जोड कुठे, सरस कुठला, सगळं उघडं. दुसऱ्या दिवशी तशीच पेटी आम्ही करून ठेवायचो. ते आमचं शिक्षण.

मी सोलली. एकदम नीट! वर्तमानपत्रावर एकेक थर मांडून ठेवला. वरचा छापील कागद, खालचा पुठ्ठा, आतलं स्पंज, स्पंजावरचा कागद. सत्तरी ओलांडली तरी हात विसरला नाही, म्हणून खूश होते. कल्पिता आली की दाखवायचं ठरवलं.

ती आली. बघितलं.

"आजी... ती सील केलेली होती."

"काय केलेली?"

"त्यावर साहेबांची सही होती. एक नग त्यांच्याकडे, एक आपल्याकडे. पुराव्याचा नग होता तो. सतराला उत्तरासोबत जमा करायचा होता."

ओरडली नाही. रडली पण नाही. चप्पल घालूनच खाली बसली आणि त्या थरांकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडण्याला उत्तर देता येतं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

रमाईची जयंती. विहारात खीर होती. गेले नाही. कारखान्यातली मैत्रीण नीला बोलवायला आली तर तिला दारातूनच बोलले, गुडघे दुखतात. गुडघे ठणठणीत.

कल्पिता संध्याकाळी आली. ऑफिसात सांगितलं म्हणे, नग माझ्या हातून फाटला. संदेश सर काय काय बोलले ते सांगितलं नाही, पण कानाच्या पाळ्या अजून लाल होत्या. साहेबांना माफीचं पत्र दिलं. ते बोलले, माझ्याकडचा नग आहे, पण पुन्हा असं चालणार नाही.

"तुझ्या हातून का? माझ्या हातून फाटला, तसंच सांगायचं."

"काय सांगू? आजीने सोलली?"

बरोबर आहे. काय सांगणार.

जेवण झाल्यावर स्वतःच वर्तमानपत्र पुढ्यात ओढून बसली. त्यातली एक पट्टी उचलली. "आजी, हे काय? झाकण जिथे वळतं तिथलं?"

"बिजागरी."

"ही तर नुसती कागदाची आहे."

"तेच तर काल दाखवणार होते! झाकण आणि खालचा भाग जोडायला नुसता छापील कागद. आत कापड नाही. आम्ही ठेवायची पेटी करायचो तेव्हा बिजागरीत कापडाची पट्टी घालायचो, मग वरून कागद. फेकायची असली की नुसता कागद. परशुराम शेठ कापड मोजून द्यायचे. कापड महाग. फेकायच्या पेटीत कोण घालेल?"

तिने पट्टी उजेडाकडे धरली. मग माझ्याकडे बघितलं. तीन दिवसांत असं बघितलं नव्हतं.

"म्हणजे बनवणाऱ्यालाच माहीत आहे की ही टिकणार नाही?"

"बनवणाऱ्याला सगळं माहीत असतं. तुझ्या साहेबाने चीनला जाऊन त्या बाईला विचारावं."

शनिवार, ८ फेब्रुवारी

आज घरात कारखाना!

कल्पिताने नयन शेठकडून सील नसलेल्या तीन लहान पेट्या आणल्या. बोलली, कापड नाही हे तोंडाने सांगून उपयोग नाही, दाखवायला पाहिजे. मी बोलले, उघड, मीट, उघड, मीट. फाटेपर्यंत मोज.

नीलाला बोलावलं. ती आमच्याच टेबलावरची, माझ्यासमोर बसायची. कल्पिताने मोबाईल डब्याला टेकवून ठेवला, व्हिडिओ सुरू केला आणि वहीत रेघा मारायला लागली. नीला उघडतेय, मिटतेय, उघडतेय, मिटतेय.

"सव्वीस वर्षं बनवल्या," नीला बोलली, "उघडून बघायची हौस आज फिटली."

"आजी लोकांनो, मोबाईलमध्ये आवाज येतोय. साहेब ऐकणार."

"ऐकू दे! त्यांना पण सांग, हात दुखतोय. चहा ठेव."

पहिली सत्त्याण्णवाव्या वेळी फाटली. दुसरी एकशे एकेचाळीस. तिसरी मी केली, एकशे अठरा. रोज एकदा कानातलं काढलं घातलं तर दोन महिने. त्यात आमच्या हाताला वळण पडलेलं म्हणून हळू उघडत होतो. नवी नवरी असती तर पन्नाशी गाठली नसती.

कल्पिताने मला मागून मिठी मारली. मी बोलले, अंगावर पडू नको, पाठीत भरलंय. पण हलले नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

मोठी पेटी मी हातात घ्यायला नको होती.

सोलली नाही! शपथ. चिठ्ठीला हात लावला नाही. नुसतं प्लास्टिक सरकवून अंगठा बिजागरीवरून फिरवला. कागदाची असली की बारीक कुरकुरते. कापड असलं की गप्प राहते. ही गप्प राहिली.

पुन्हा फिरवला. गप्प. झाकणाला प्लास्टिकची खिडकी आहे, तिच्यातून आतलं मखमलीचं अस्तर दिसतंय, हाराच्या आकाराची खाच आहे, झाकणाला लोहचुंबक. ही पेटी करणाऱ्या बाईने मनापासून केलीय. ही पंचवीस वर्षं जाईल. लेकीला मिळेल, मग नातीला.

म्हणजे लहानीचं कल्पिता बरोबर. मोठीचं साहेब बरोबर.

आणि ही स्वयंपाकघरात गाणं म्हणत अंडाकरी करतेय. मला बोलली, आज तू बसून राहायचं. दोनदा वाढलं मला. मी खाल्लं. काही बोलले नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

सकाळी ती वेणी घालत होती तेव्हा सांगून टाकलं. तोंडात केसाची पिन होती, त्यामुळे लगेच बोलता आलं नाही तिला. ती काढली आणि मग बोलली.

"बाहेरून कागद, आतून मखमल. साहेबांना कापड दिसणार पण नाही. तुला कोणी विचारलं होतं?"

"मला दिसलं."

"तुला दिसलं नाही, तुला *वाटलं*. अंगठ्याला!"

"माझा अंगठा तुझ्या साहेबाच्या चष्म्यापेक्षा बरा आहे."

"आजी, तू कुणाच्या बाजूची आहेस?"

मी काय उत्तर देणार होते? तुझ्या. पण ते ती विचारत नव्हती. ती बोलत होती, गप्प बस. ते मला येत नाही. मी बोलले, "लहानीसाठी माझा हात खरा आणि मोठीसाठी खोटा, असं चालणार नाही. एक तर दोन्ही घे, नाहीतर दोन्ही टाक."

दार आपटलं नाही. हळूच ओढून घेतलं. तिच्या आईसारखं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

डबा ओट्यावर तसाच. मुद्दाम.

बुधवार, १२ फेब्रुवारी

माघ पौर्णिमा. विहारात गेले. वंदनेत सगळं लक्ष त्या पेटीवर. मुसावादा म्हणताना जीभ अडखळली. खोटं बोलणार नाही म्हणायचं आणि रविवारी दोनदा वाढलेली अंडाकरी गप्प बसून खायची!

येताना नीलाला सांगितलं. नीला बोलली, "पोरीची नोकरी आणि तुझं ते कापड. बाई, कधी तरी तोंड शिवून ठेव." मी बोलले, "आज मी तोंड शिवलं आणि दोन वर्षांनी कोणी साहेबाने ती पेटी कापली, तर आत कापड निघणार. खाली सही हिची. तेव्हा मी कदाचित नसेन. संदेश सर बोलतील, मला काय माहीत, हिनेच लिहिलं." नीला पुढे चालायला लागली. तिच्या लेकाला असंच कोणीतरी पुढे करून मागे सरकलं होतं, मला माहीत आहे.

घरी आले तर कल्पिता जमिनीवर मोठी पेटी मांडीवर घेऊन बसलेली. डोळे मिटून अंगठा फिरवत होती. बाजूला लहानीचा फाटका तुकडा.

"मला काहीच कळत नाही. दोन्ही सारखंच लागतं."

बसले तिच्या मागे. तिचा हात हातात घेतला. केवढे मऊ हात! यांनी कधी सरस उकळलाय का? तिचा अंगठा माझ्या अंगठ्याखाली धरला आणि आधी तुकड्यावरून फिरवला. "जोर नको लावू. कानाने ऐक." मग मोठीवरून. पुन्हा तुकडा. पुन्हा मोठी. किती वेळ केलं कोणास ठाऊक. गुडघ्याला मुंग्या आल्या.

मग तिचा अंगठा आपोआप थांबला.

"ही खरंच गप्प आहे गं."

"हं."

"मी सगळ्या पेट्या एका ओळीत लिहिल्या आजी. मोठी उघडून पण बघितली नव्हती. शेठने पॅकिंग सांगितलं, मी पॅकिंग टाकलं." पेटी खाली ठेवली आणि बोलली, "चूक माझी आहे."

केसांतून हात फिरवला असेल. आठवत नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

गॅलरीत फोनवर बोलत होती. मी कपडे वाळत घालत होते, कान काही झाकून ठेवलेले नव्हते. ऑफिसातलं कोणी विचारत असणार, तुला हे सगळं कुठून कळलं.

"आहेत एक ओळखीचे एक्सपर्ट. पॅकेजिंग लाइनमधले. खूप सिनियर."

ओळखीचे. एक.

मान्य आहे! ऑफिसात काय सांगणार, माझी आजी खोकी चिकटवायची? तिकडे सगळे इंग्रजी फाडणारे. सरसाचा वास ज्याच्या कपड्यांना येतो त्याच्या बाजूला कोण बसतं, हे मी सव्वीस वर्षं बघितलंय. मला काही वाटलं नाही.

दोन चिमटे खाली पडले, ते उचलायला गेले नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

संदेश सर घरी! डझनभर केळी घेऊन. कल्पिता अजून ऑफिसातच होती, हा मुद्दाम तेव्हा आला. मला काय कळत नाही?

चाळिशीचा माणूस. घामाघूम. आमचा तिसरा मजला. "आजी, जय भीम, बसू का?"

"बसा की. खुर्चीचा उजवा पाय जपून."

चहा दिला. इकडचं तिकडचं झालं. मग बोलला, "कल्पिता हुशार आहे. पण जरा हट्टी झालीय. बोलते, मोठ्या पेटीचा नंबर चुकला असं आपणच लिहून देऊया."

"मग चुकलाच आहे."

"आजी, तुम्हाला कोणी सांगितलं?" मग त्याच्या ध्यानात आलं. कपाकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं. "अच्छा. ते एक्सपर्ट तुम्ही?"

"चहात साखर कमी आहे का?"

"नाही, बरोबर आहे... हे बघा. नयन शेठ माझे दहा वर्षांचे गिऱ्हाईक. आपणच चूक कबूल केली तर ते दुसरीकडे जाणार. मग मला कल्पिताबद्दल विचार करावा लागेल. मला आवडणार नाही, पण करावा लागेल. तुम्ही तिला समजवा. मोठ्या पेटीचं नावच काढायचं नाही. साहेबांना पटलं नाही तर नाही पटलं. आपण पॅकिंगच म्हणायचं."

"लेखी उत्तरावर सही कोणाची?"

"तिची. तयार तिने केलंय ना."

"तुमची का नाही?"

केळीच्या पिशवीची गाठ सोडायला लागला.

"साहेब," मी बोलले, "आमच्या परशुराम शेठची पेटी फुटून परत आली ना, की ते सांगायचे, माझ्या कारखान्याची पेटी आहे, मी बघतो. मग आत येऊन आमच्या नावाने शिव्या घालायचे. पण आत येऊन. बाहेर नाही. तुम्ही उलटं करताय."

चहा अर्धा ठेवून गेला. केळी चांगली होती. पिकलेली.

शनिवार, १५ फेब्रुवारी

कल्पिताला संदेश सर आल्याचं सांगितलं. केळी बघून तिला कळलंच होतं.

"नोकरी गेली तर, आजी?"

"तर गेली. मी दोन कारखाने बंद पडलेले बघितलेत. भाकरी बंद पडली नाही."

"आणि परीक्षा?"

खोटं बोलायचं नाही हे आत्ताच मी पौर्णिमेला म्हणून आले. मी बोलले, "माहीत नाही." ती माझ्या खाटेवरच झोपली, पाय माझ्या पोटावर. सव्वीस वर्षांची घोडी! रात्रभर हलले नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

उत्तर देऊन आली. काय लिहिलं ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही. लसूण पण सोलायला लावली नाही.

दोन भाकऱ्या खाल्ल्या. तिसरी अर्धी.

बुधवार, १९ फेब्रुवारी

तिचं टेबल उचलून झेरॉक्स मशीनच्या बाजूला ठेवलं म्हणे. संदेश सर तिच्याशी बोलत नाहीत, काम असलं की चिठ्ठी ठेवतात. नयन शेठचा फोन तिला द्यायचा नाही असं सगळ्यांना सांगितलंय.

तिने हे सगळं हसत सांगितलं. हसताना उजवा डोळा भरला की ती मान डावीकडे वळवते. लहानपणापासून.

मला वाटलं, मीच खाल्ली हिची नोकरी. अंगठ्याने.

गुरुवार, २० फेब्रुवारी

काही नाही. मेथी महाग नव्हती पण चांगली पण नव्हती.

शनिवार, २२ फेब्रुवारी

कस्टमच्या साहेबांचा कागद आला. कल्पिताने मराठीत करून वाचला, मग मी तिच्या हातातून घेऊन एक ओळ स्वतः बघितली, बोट ठेवून. इंग्रजीत होती तरी माझं नाव मला ओळखता येतं.

तिने सोमवारी लिहून दिलं होतं — लहान पेटी पॅकिंग, मोठी दागिन्यांची, मोठीचा नंबर मी चुकीचा टाकला, न बघता टाकला. आणि खाली: पेट्या तपासणाऱ्या, श्रीमती जया शिवराम उबाळे, पेटी कारागीर, सव्वीस वर्षांचा अनुभव, माझी आजी. सील केलेला नग त्यांनीच सोलला, आणि त्यामुळेच हे कळलं.

फोनवर तेवढं "ओळखीचे एक". सहीच्या कागदावर सगळं.

साहेब लिहितात, मंगळवारी अकरा वाजता यावे, सोबत श्रीमती उबाळे यांनाही आणावे, आम्हाला त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे.

संदेश सरांचा लगेच फोन. "आजींनी नुसतं बसायचं. बोलेन मी."

नाही! पेटीचं विचारलं तर मी बोलणार. नंबराचं विचारलं तर कल्पिता. संदेशने गाडी आणायची आणि गप्प बसायचं.